एकमताने मंजूर

"मंजूर," महापौर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

नर्सबाईंनी समोरच्या माइकचं बटण पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही. मग त्या उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या मुलीसारखा हात सरळ वर केला.

"थांबा. प्रसूतिगृहाचा विषय आहे हा, माझ्या वॉर्डातला. मला बोलायचंय."

"झाला तो विषय, बाई. पुढचा घ्या."

"कधी झाला? मी काय बहिरी आहे?"

मागे कोणीतरी हसलं. मासिक सभा जेवणाच्या आत उरकायची होती. ज्या प्रसूतिगृहात नर्सबाईंनी सगळी नोकरी काढली, जिथल्या बाळंतिणींनी निवृत्तीनंतर त्यांना हट्टानं उभं करून नगरसेविका केलं, तिथे आता वाहनतळ होणार होता. शेजारच्या गटनेत्यानं त्यांना कोपराला धरून खाली बसवलं.

"बसा हो. वरून ठरलंय. आपलीच माणसं आहेत."

"माझी नाहीत," त्या म्हणाल्या. ते फक्त त्यालाच ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी शहराच्या बातम्यांत फोटो आला. नर्सबाई उभ्या, हात वर. खाली ओळ: वाहनतळ एकमताने मंजूर, स्थानिक नगरसेविकेचा जोरदार पाठिंबा.

"खुलासा पाठव," नवरा म्हणाला. "छापतील चार ओळी."

"तोंडाला काळं फासायचं भर चौकात आणि पुसायचं मोरीत?" त्यांनी पेपर भिरकावला. चहा तसाच निवून गेला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी वॉर्डातली माणसं त्यांच्या कचेरीत यायची. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या गल्लीत दिवा नाही. त्या रविवारी खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. उशिरा एकटी शिंपीण आली. तिच्या दोन्ही मुली नर्सबाईंच्याच हातच्या. ती दारातच उभी राहिली.

"धाकटीचे दिवस भरत आलेत," ती म्हणाली. "आता पुलापलीकडं न्यायची तिला. आपल्या प्रसूतिगृहाच्या जागी गाड्या उभ्या करायला हात वर केलात तुम्ही. त्या हाताला काहीच वाटलं नाही?"

नर्सबाईंच्या कानशिलाशी रक्त उसळलं. पण तो राग शिंपिणीवरचा नव्हता. त्यांनी तिचं मनगट धरलं. "चल."

चौकात वाहनतळाच्या फलकाचं अनावरण चाललं होतं. फलकावर गटनेता हसत होता आणि त्याच्या शेजारी नर्सबाईही. त्यांना न विचारता लावलेला, निवडणुकीतला फोटो. नर्सबाई थेट पुढे गेल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून माइक घेतला. हा चालू होता.

"हात वर केला तो बोलू द्या म्हणून," त्या म्हणाल्या. "विरोध करायला उभी राहिले होते. माझा माइक बंद होता आणि मला खाली ओढलं ते यांनी. कुणाला विचारायचं असेल तर यांना विचारा."

गटनेता हसू न मोडता जवळ सरकला आणि दात आवळून पुटपुटला, "पुढच्या वेळचं तिकीट विसरा."

माइक दोघांच्या मध्येच होता. सगळ्या चौकानं ऐकलं.

"विसरले," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी फलकावरच्या स्वतःच्या चेहऱ्याचा कागद नखांनी खरवडून काढला. शिंपिणीनं दुसरं टोक धरून ओढलं.

पण ठराव तो ठरावच. मोर्चा निघाला, निवेदनं गेली, आणि महिन्याभरात प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. शिंपिणीची धाकटी पुलावरच्या गर्दीत, रिक्षात बाळंत झाली. नर्सबाई बरोबर होत्या म्हणून दोन्ही जीव वाचले. त्याची बातमी कुठेच आली नाही. पुढच्या सभेत त्यांनी ते सांगितलं तेव्हा महापौर म्हणाले, "अभिनंदन." त्या दिवशी नर्सबाईंच्या तोंडून जे निघालं ते कामकाजातून वगळण्यात आलं.

पाडकाम सुरू झालं त्या सकाळी त्या कुंपणाशी आल्या. मुकादम म्हणाला, "बाई, लांब उभ्या राहा. धूळ उडेल."

"जरा थांबव."

ड्यूटीवरचाच आवाज होता तो. मुकादमानं मशीनवाल्याला हात केला.

प्रसूतीच्या खोलीचं दार, चौकट आधीच उपटून नेली होती. तरी नर्सबाईंनी बाहेर चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत गेल्या.

बाहेर मशीन बंद झालं. कामगार फावडी टेकून उभे होते. चपला तिथे होत्या तोवर कुणी पुढे सरकलं नाही.