बाळंतिणीच्या बुरुजापाशी

इंद्रायणी कॉलेजात इतिहास शिकवते आणि हिवाळ्यात रविवारी सकाळी हौशी लोकांना सोलापूरचा भुईकोट फिरवून दाखवते. त्या रविवारी सगळे बाळंतिणीच्या बुरुजापाशी आले, तेव्हा एकानं विचारलं, "मॅडम, या बुरुजात खरंच बाळंतीण चिणली होती?"

"असं सांगतात. बुरूज सारखा ढासळायचा, म्हणून बळी दिला म्हणे. पण पुरावा कसलाच नाही. भाकडकथा समजा."

कुणीतरी हसलं. पायथ्याशी एक म्हातारी लाकडी पाळणा घेऊन बसली होती. ती ताडकन उठली.

"बाळंतिणीला भाकड म्हणतीस व्हय ग?"

"आजी, मी गोष्टीबद्दल बोलले."

"माज्या नातीचं दोनदा पोटातच गेलं. आता परत दिवस भरत आलेत. अक्कलकोटावरनं पाळणा वाहायला आले मी, आन् तुमी हितं हसताय."

कन्नडमध्ये काहीबाही पुटपुटत ती तटाच्या कडेनं पलीकडे निघून गेली. तिच्या मागं जावं असं इंद्रायणीला वाटलं. पण लोक खोळंबले होते, म्हणून ती पुढं निघाली.

दरवाज्याजवळ एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. ऋतुराज नावाचा फोटोग्राफर ड्रोन उडवत होता. ड्रोन तटाला लटकलेल्या आग्या मोहोळाला घासला आणि पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली. बघता बघता आभाळ काळवंडलं.

"तोंड झाका! हात झटकू नका! माझ्या मागं या!"

इंद्रायणीनं सगळ्यांना पहारेकऱ्यांच्या जुन्या देवडीत कोंबलं. फोटोसाठी आणलेल्या दोन सोलापुरी चादरींपैकी एक ऋतुराजनं देवडीच्या तोंडाशी ताणून धरली. आत अंधार, रडारड. एकानं फायर ब्रिगेडला फोन लावला.

आणि मग इंद्रायणीला आठवलं. म्हातारी बाहेर होती.

तिनं दुसरी चादर डोक्यावरून ओढली.

"मॅडम, वेड लागलंय का तुम्हाला? फायर ब्रिगेडची गाडी निघालीय की," ऋतुराज म्हणाला.

"तोवर बाहेरच्या आजी टिकायच्या नाहीत."

बाहेर तिला पायाखालची जमीन तेवढी दिसत होती. तटाला हात घासत ती चालली. चादरीवर माश्या गारांसारख्या आदळत होत्या. मनगटावर दोन डसल्या. हात झटकायची ऊर्मी तिनं ओठ चावून दाबली.

म्हातारी पालथी पडली होती. पदर डोक्यावर, पाळणा पोटाशी, मानेवर माश्याच माश्या. इंद्रायणी तिच्यावर ओणवी झाली आणि तिला चादरीत घेतलं.

"कोण हाय?"

"मीच, मघाची. उठता येतंय?"

"गुडगा वळंना. जा बाई तू."

"माझ्या गळ्यात हात टाका."

त्या दोघी एका चादरीत, एकमेकींना धरून फरफटत निघाल्या. आत शिरलेल्या माश्या डसत होत्या. म्हातारीनं मारायला हात उचलला.

"मारू नका आजी, अजून येतील."

म्हातारीनं तोच हात इंद्रायणीच्या कमरेला घट्ट धरला. देवडीशी आल्यावर ऋतुराजनं दोघींना आत ओढलं, तेव्हा म्हातारीची शुद्ध हरपली होती.

दवाखान्यात तिचं नाव कळलं, कमलम्मा. आधी तिला नीट श्वास घेता येत नव्हता. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "वाचल्या."

दुसऱ्या दिवशी इंद्रायणी तिच्या खाटेशी जाऊन बसली. तिचा स्वतःचा एक डोळा सुजून मिटला होता.

"आजी, तुमच्याकडं ती गोष्ट कशी सांगतात?"

कमलम्मा उशीला टेकून बसली. मग अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत ती सांगू लागली. बाळंतीण आपल्या पायानं गेली नव्हती. घरच्यांनीच तिला ओढत नेलं. दगड गळ्यापर्यंत आले तरी ती म्हणत होती, लेकराला एकदा पाजू द्या.

पुरावा विचारायचं इंद्रायणीच्या मनातही आलं नाही.

"मग पाजू दिलं?"

कमलम्मानं मान फिरवली.

"न्हाय दिलं, बाई."