फीत कुठे थांबली होती

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे. जुना आहे, माझं झाकण रबराने बांधलेलं आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका मुलीने माझं लाल बटण दाबून तिच्या भाषेत एक, दोन, तीन म्हटलं आणि ते मी तिला परत ऐकवलं. ती हसली. मग पेटीत बसून मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आलो. तिथे आर्डिस टॉलेफसन नावाच्या बाईने किराणा घेतल्यावर बक्षीस म्हणून मिळणारी तिकिटं चार वह्या भरतील इतकी चिकटवली आणि त्या वह्या देऊन मला घरी आणलं.

आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. मंगळवारी संध्याकाळी मात्र ती चर्चच्या तळघरात गायला जायची. तिथे चाळीस बायका पायऱ्यांच्या मंचावर उभ्या राहून, एकही वाद्य न घेता, चार आवाजांत एकच गाणं गायच्या. या गाण्याला बार्बरशॉप म्हणतात. सगळ्यात खालचा आवाज, म्हणजे खर्ज, तो आर्डिसचा. खर्जाच्या दहा बायकांची ती प्रमुख होती. या कामाचा तिला एक पैसा मिळत नव्हता. कोणालाच मिळत नव्हता. हात हलवून गाणं बसवणारी बर्निससुद्धा दिवसा चष्म्याच्या दुकानात बसायची.

दर वर्षी स्पर्धा असायची, आणि स्पर्धेआधी परीक्षा. प्रत्येक बाईने सगळ्यांबरोबर गाताना मला हनुवटीजवळ धरायचं. मग तिचा आवाज पुढे येतो आणि बाकीच्यांचा मागे राहतो. कॅसेटवर नाव नाही, फक्त आकडा. प्रमुख बाई ती ऐकणार आणि पास की नापास ते कार्डावर लिहिणार. नापास झालेली बाई त्या वर्षी मंचावर उभी राहत नाही. हा नियम आर्डिसनेच बनवला होता.

ती इस्त्री करता करता मला ऐकायची. गाण्याचा शेवटचा स्वर आला की इस्त्री उभी करून ठेवायची आणि डोळे मिटायची. कार्डावर आधी चांगलं लिहायची, मग उणं. पंधरा वर्षांत तिने एकही कॅसेट मध्येच थांबवली नाही. हे मी शपथेवर सांगतो.

एकदा तिने लव्हॉनला नापास केलं. लव्हॉन खर्जातलीच, उंच, आवाजाने दणकट. आर्डिस म्हणाली, "अगं, तुझा आवाज सुरेख आहे. पण तू शब्दाच्या मागून येतेस, क्षणभर उशिरा. दोन आठवडे घे आणि पुन्हा कॅसेट दे."

"पुन्हा? मी काय शाळेत आहे?" लव्हॉन म्हणाली. तिने पुन्हा दिली नाही. त्या वर्षी ती घरी बसली. नंतर परत आली, पण आर्डिससाठी कॉफी ओतायची वेळ आली की कप नेहमी अर्धाच भरायची.

बारा वर्षांनी लव्हॉन सगळ्या मंडळाची प्रमुख झाली. फुकटचं पद, त्यामुळे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. तिने पहिल्याच मंगळवारी सांगितलं, "यंदा चारही आवाजांच्या प्रमुखांनीही कॅसेट द्यायची. त्यांच्या कॅसेट मी ऐकणार."

"बरोबर आहे," आर्डिस म्हणाली. "आम्ही काय आभाळातून पडलोय?"

तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. तिने मला हनुवटीजवळ धरलं. मित्रांनो, मी खूप आवाज साठवले आहेत, पण तो खर्ज वेगळा होता. पायाखालची फळी हलत नाही, म्हणून माणूस तिच्यावर निर्धास्त उभा राहतो, तसा. गाणं संपल्यावर मी चालूच राहिलो होतो. आर्डिस शेजारी उभ्या असलेल्या, खर्जातच गाणाऱ्या स्वतःच्या लेकीला म्हणाली, "इंगा, घे गं हे. आता माझे गुडघे बेसूर व्हायला लागलेत." सगळ्या हसल्या. तेही माझ्यात उतरलं.

पुढच्या मंगळवारी कार्ड आलं. खर्ज ढासळतो. नापास.

लव्हॉन कॉफीच्या टेबलाजवळ म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस हं, आर्डिस. नियम सगळ्यांना सारखा. तुझाच आहे ना?"

"माझाच आहे," आर्डिस म्हणाली आणि तिने कप धुवून जागेवर ठेवला.

घरी आल्यावर तिने लेकीला विचारलं, "खरं सांग, ढासळतो का गं?"

"नाही, आई."

"तू माझी लेक आहेस. तुझं काय धरायचं?"

स्पर्धेच्या दिवशी ती प्रेक्षकांत बसली, मांडीवर सगळ्यांचे कोट घेऊन. फेब्रुवारीत तिचं हृदय थांबलं. ते तिला बरेच दिवस दगा देत होतं. त्याचा दोष मी कोणावर ठेवत नाही. पण शेवटचे पाच महिने ती इस्त्री करतानाही गुणगुणली नाही. त्याचा ठेवतो.

आवराआवर करताना इंगाला ती कॅसेट सापडली, कार्डासकट, लव्हॉनने परत केली होती तशीच. आर्डिसने तिला पुन्हा हातच लावला नव्हता. इंगाने ती माझ्यात घातली आणि बटण दाबलं. गाणं पहिल्या कडव्याच्या शेवटापासून सुरू झालं.

इंगाने थांबवलं. कॅसेट काढून उजेडात धरली. फितीची एक गुंडाळी जाड होती, दुसरी अगदी बारीक. लव्हॉनने एक कडवं ऐकलं होतं आणि पेन उचललं होतं.

इंगा रडली नाही. तिने फीत सुरुवातीपर्यंत मागे फिरवली आणि कॅसेटवरचा आकडा खरवडून काढला. त्या क्षणी मला ती फार आवडली.

त्या वर्षी बर्निसने जुनंच गाणं स्पर्धेसाठी ठेवलं. खर्जाला नवी प्रमुख मिळाली नव्हती, म्हणून ते काम लव्हॉनने स्वतःकडे घेतलं. आकडे मात्र यंदा बिस्किटांच्या डब्यातून उचलायचे आणि यादी बर्निसकडे. इंगाला सात आला. तिने आईच्या कॅसेटवर सात लिहिला आणि ती दिली.

पुढच्या मंगळवारी लव्हॉन खुशीत होती. "सात नंबर कोण आहे ते मला ठाऊक नाही, पण बायांनो, खर्ज असा हवा! आज सगळ्यांनी ऐकायचा. इंगा, तुझ्या आईचं ते डबडं आणलंयस ना?"

"आणलंय," इंगा म्हणाली.

डबडं म्हणजे मी. लव्हॉनने स्वतःच्या हाताने बटण दाबलं. दुसऱ्या कडव्यातच मागच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक खाली बसली. लव्हॉन मान डोलवत होती. "ऐका, ऐका, श्वास कुठे घेते ते कळतसुद्धा नाही!" शेवटचा स्वर संपला. ती बटणाकडे हात नेत होती, तेवढ्यात माझ्यातून आर्डिस म्हणाली, "इंगा, घे गं हे. आता माझे गुडघे बेसूर व्हायला लागलेत."

हसू उमटलं, ते माझ्यातलं. तळघरात कोणी हसलं नाही.

"हे काय केलंस, इंगा?" लव्हॉनचा आवाज चिरकला. "मेलेल्या माणसाचा असा खेळ करतात?"

"खेळ नाही. गेल्या वर्षीचीच कॅसेट आहे. तू नापास केलेली. हे वाक्य तू तेव्हाही ऐकलं नाहीस आणि आताही नाही."

"चाळीस जणींचं बघते मी! नोकरी करून बघते! एका कडव्यात कळतं मला."

"काय कळलं?"

लव्हॉनने कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मी पद सोडते."

"नको," इंगा म्हणाली. "पद सोडून घरी जाणं सोपं आहे. खर्जाच्या सगळ्या कॅसेट, माझी खरीसुद्धा, इथे बसून ऐक. आमच्यासमोर. शेवटपर्यंत."

बर्निसने खुर्ची पुढे सरकवली. खुर्ची सरकवताना तिने लव्हॉनकडे पाहिलं नाही. तीन मंगळवार लव्हॉन त्या लोखंडी खुर्चीवर बसली. मी तापलो, माझी चाकं कुरकुरली, पण मी एकही फीत अडकवून चघळली नाही. तिला सुटायला तेवढं निमित्त पुरलं असतं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी खाकरणं, हसणं, कोणाचं तरी 'देवा, संपलं एकदाचं' यायचं, आणि ती खाली मान घालून लिहायची.

राहिली लव्हॉनची स्वतःची कॅसेट. ती तिने स्वतःच ऐकून चालणार नव्हतं, म्हणून इंगाने घरी नेली. मित्रांनो, मी प्रार्थना करत होतो, ती बेसूर निघू दे. लाल पेन टेबलावर तयार होतं. इंगाने बटण दाबलं.

आवाज चांगला होता. शब्दाच्या मागून येणं कधीच गेलं होतं. मला काही करता आलं नाही. जे माझ्यात येतं ते मी जसंच्या तसं देतो. शेवटचा स्वर विरला, नंतरची खरखरही संपली, तरी इंगा बसून राहिली. मग तिने कार्ड ओढलं आणि लिहिलं: खर्ज उत्तम. पास. पूर्ण ऐकली.

ते कार्ड वाचताना लव्हॉनचे कान लाल झालेले मी पाहिले. स्पर्धेत त्या दोघी एकाच पायरीवर उभ्या राहिल्या, एकमेकींशी एक शब्दही न बोलता.

आता मी कपाटात आहे. माझी एकच विनंती आहे. जुनी यंत्रं ठेवून देताना त्यांतले सेल काढून घ्या, नाहीतर ते आतून पाझरतात आणि सगळं कुरतडतात. माझे काढायचे राहिले आहेत.