पस्तीस दिवस

"या विमानाच्या तिकिटांच्या चिठ्ठ्या कशाला गं जपून ठेवल्यास?" ऑर्लीननं विचारलं.

ओडेन्सच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत बसलो होतो आम्ही. ऑर्लीन माझ्यासारखीच अमेरिकन, डेन्मार्कातच म्हातारी होत आलेली. आमच्यासारख्यांचे अमेरिकेतल्या कराचे फॉर्म ती भरून देते. माझे फॉर्म एकोणीस वर्षं माझा थोरला भाऊ वेंडेल विस्कॉन्सिनहून भरायचा. यंदा त्यानं काम बंद केलं आणि जुने सगळे कागद मला पाठवून दिले.

"दिवस मोजायला," मी म्हणाले. "वर्षात पस्तिसाच्या वर एक दिवस जरी तिकडे राहिलं, तर सवलत गेलीच ना! मग इथल्या अख्ख्या पगारावर तिकडचाही कर."

"कोण म्हणालं?"

"वेंडेल."

तिनं कागद उलटेपालटे केले. "अगं बाई, ते नव्यानं आलेल्यांना. तुझं घर इथं, नवरा इथं, नोकरी इथं. तू इथली रहिवासी. रहिवाशाला कुठले आलेत दिवस मोजायला? आणि तुझ्या भावाला ते चांगलं माहीत आहे. दुसऱ्या वर्षापासून दर फॉर्मवर त्यानं 'कायम रहिवासी' असंच लिहिलंय."

अठरा फॉर्म. प्रत्येकाखाली माझी सही. न वाचता केलेली, कारण भाऊ होता. माझ्यासारखी मूर्ख मीच!

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आई अंथरुणाला खिळली. उन्हाळ्यात मी चौदा दिवस राहून आले होते, म्हणजे उरले एकवीस. ते एकवीस दिवस मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिचे केस विंचरले. मी वृद्धाश्रमात परिचारिका आहे, आईचे किती दिवस उरलेत ते मला दिसत होतं. तरी बाविसाव्या दिवसाच्या आत विमानात बसले. वेंडेलनंच विमानतळावर सोडलं. चौथ्या दिवशी आई गेली. अंत्यविधीलाही जाता आलं नाही, दिवस संपले होते. स्वयंपाकघरात उभी राहून मी तो फोनवर पाहिला.

वाचनालयाच्या पायऱ्यांवरूनच मी त्याला फोन लावला.

"तुला माहीत होतं, वेंडेल?"

आधी त्यानं कायद्याचा घोळ घातला, मग वहिनीच्या गुडघ्याचं काढलं. मी पुन्हा तेच विचारलं.

"पहिल्या वर्षी मोजावेच लागत होते," तो म्हणाला. "पुढे तूच दर वर्षी विचारायचीस, किती उरले रे? मी सांगत गेलो."

"का पण?"

"का म्हणून काय विचारतेस? तेरा वर्षं तिचं सगळं मी केलं. तिची औषधं, तिची चिडचिड, तिची भांडी. आणि तू वर्षातून दोनदा डॅनिश बिस्किटांचा डबा घेऊन यायचीस, की लगेच आईचं सुरू, आमची कॉरिन अशी नि कॉरिन तशी! तू आलीस की मी घरातला गडी व्हायचो. तू परत जायचीस तो दिवस ठरलेला असायचा, एवढं एकच माझ्या हातात होतं."

"अरे, ती मरत होती!"

"कळत होतं मला."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. इतका राग मला जन्मात आला नव्हता. आणि वाईट म्हणजे त्याच्या भांड्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला दुसरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी गेल्यावर आईला काय सांगितलंस?"



"कराचं कारण सांगितलं. तिला ते नीट कळलं नाही. म्हणाली, 'फार पैसे वाचतात का रे तिचे?' मी हो म्हटलं."

"मग?"

"मग म्हणाली, 'बरं केलं मग तिनं.' आणि पुन्हा तुझं नाव काढलं नाही."

पायऱ्यांवरून माणसं पुस्तकं घेऊन खाली उतरत होती. एका बाईनं थांबून मला डॅनिशमध्ये विचारलं, बरं वाटत नाही का? मी सरकून तिला वाट करून दिली. फोनमध्ये वेंडेल हाका मारत होता, कॉरिन, कॉरिन. लहानपणी आई मला जेवायला बोलवायची, त्याच सुरात.