खिंडीच्या पाण्यातला साल्बाबिदा

“हात कड्यावर, तोंड पाण्यात, पाय मोकळे सोडा. ओढायचं काम माझं.”

माझ्या मालकाचा, मेल्चोरचा, हा आवाज अजून माझ्या कानांत आहे. मित्रांनो, मी एक जुना साल्बाबिदा आहे. साल्बाबिदा म्हणजे पोहता न येणाऱ्यांचा पाण्यातला आधार, फोमचं गोल कडं. कोरॉन नावाच्या समुद्रकाठच्या गावात, बोटींच्या धक्क्यामागच्या एका घरात मी खिळ्याला टांगलेला असतो.

मासळीच्या फुटक्या पेटीचा फोम मेल्चोरने सुरीने गोल कापला. त्याच्या बायकोने, रोसिंगने, प्रार्थना पुटपुटत त्यावर केशरी ताडपत्री शिवली. माझी दोरी खांद्याला अडकवून मेल्चोर पोहायचा आणि मला धरून पाहुणे मागे तरंगायचे.

मोठ्या जहाजातून उतरलेली माणसं धक्क्यावर बावरून उभी राहत. प्रवाळ बघायला कुठली सहल घ्यावी? “पोहता येतं का?” असं मेल्चोर कधी विचारत नसे. बायकोमुलांसमोर नाही कोण म्हणणार? रोसिंग समुद्राच्या पाण्याने भरलेली परात पुढे सरकवायची. डोळ्यांवर काच, तोंडात नळी लावून त्यात चेहरा बुडवायचा. जो घाबरून लगेच मान वर काढेल, त्याच्यासाठी उथळ वाळूचा किनारा.

एकदा एक गृहस्थ चिडले. “मी काय परातीत पोहायला आलोय?”

“नाही हो साहेब,” रोसिंग म्हणाली. “पण परातीत भीती वाटली, तर नुसती मान वर काढता येते.”

म्हातारा नावाडी ओस्टिंग तिला चिडवायचा. “तुझी परात आमचा धंदा बुडवणार बघ.”

“धंदा बुडू दे, मानोंग. माणूस नको,” थोरल्या भावाला मारतात ती हाक मारून ती म्हणायची.

त्या उथळ पाण्यात एका आजीबाईंनी पहिल्यांदा निळा शिंपला पाहिला आणि वर आल्यावर माझा मुका घेतला. मला तेव्हा धन्य वाटलं.

पुढे जहाजाच्या सहली ठरवणारा एक नवा माणूस आला. त्याने धक्क्यावर फळा लावला : ‘खिंडीची सहल, नवशिक्यांसाठी सोपी.’ खिंड म्हणजे दोन बेटांमधली अरुंद, ओढीची समुद्रवाट. लोक जहाजावरच नावं नोंदवून येऊ लागले. परातीला वेळच उरला नाही.

एका अमावास्येला मेल्चोर म्हणाला, “आज नको. ओहोटीला खिंड माणसं ओढते.”

“मग दुसरा नेईल,” फळा लावणारा तो माणूस म्हणाला. “ तो नवखा पोरगा तयारच आहे.”

मेल्चोरने माझी दोरी खांद्याला अडकवली. निघताना रोसिंगला म्हणाला, “निदान मी तरी असेन त्यांच्याबरोबर.”

खिंडीत प्रवाह फिरला. घाबरलेले सगळेच एकदम मला बिलगले. मी दोघा-तिघांपुरता शिवलेला, पार पाण्याखाली गेलो. मेल्चोर खांद्याला दोरी लावून मला होडीकडे ओढत राहिला. होडीतल्यांनी एकेकाला वर उचलून घेतलं. शेवटचा हात सुटला, तेव्हा कुठे माझ्यावर जागा झाली. मी तरंगत मेल्चोरजवळ गेलो. त्याने मला धरलं नाही. त्याचं हृदय थांबलं होतं. इतक्यांना तारलं मी, आणि माझ्या मालकाचा हात एकदाही माझ्यावर पडला नाही.

शवपेटीजवळ गावकरी रात्री जागवत बसले. ओस्टिंग खाली मान घालून म्हणाला, “रोसिंग, आता धक्क्यावर त्या फळेवाल्याला ‘नाही’ कोण म्हणणार? आम्हाला पोरंबाळं आहेत गं.”

पेटीवर हात ठेवून ती म्हणाली, “मी म्हणेन. वर्षाने सुतकाचे काळे कपडे उतरले की येईन. मेल्चोरलाही तसंच सांगितलंय.”

ते वर्ष मी खिळ्यावर काढलं. ताडपत्री तडकली, आत पाली शिरल्या. रोसिंग रोज पहाटे मेणबत्ती लावून जप करायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी तिला दोष देत नाही. खिंडीची सहल मात्र चालूच होती. “आज एकीच्या नाकातोंडात पाणी गेलं. वाचली बिचारी,” असं ओस्टिंग दारातून सांगून जायचा. रोसिंगची जपमाळ हातातच थांबायची.

मित्रांनो, पोहता येत नसेल तर येत नाही म्हणा. उथळ पाणी निवडण्यात कमीपणा नाही, मासे तिथेही दिसतात. आणि तुमची दोरी जो ओढतो, त्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

आज वर्षाची प्रार्थना झाली. खाडीत जहाजाचा भोंगा वाजला. रोसिंगने निळा झगा घातला, मला खिळ्यावरून काढलं आणि त्या झग्याच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली. धक्क्यावर फळ्यापुढे रांग लागली होती. मला काखेत धरून, दुसऱ्या हातात परात घेऊन, ती त्या रांगेकडे चालू लागली.