कोर्स मध्येच सोडायचा नाही

त्या घरात कोर्स या शब्दाला बरीच वर्षं एकच अर्थ होता. कोर्स म्हणजे गोल्फचं मैदान. मास्तर पहाटे उठून सायकलवर टांग मारायचे ते कोर्सवर जायला, आणि दुपार कलली की चिखलाचे बूट दाराबाहेर उतरवायचे ते कोर्सवरून आले म्हणून. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गवताचे. मैदानावरचं सगळं गवत त्यांच्या ताब्यात होतं. ते कापायचं, त्याला पाणी पाजायचं, खत घालायचं, पिवळं पडलं तर त्याच्या उशाशी बसायचं. म्हणून तिथले लोक त्यांना गवतमास्तर म्हणत. स्वतः त्यांनी चेंडूला कधी हात लावला नव्हता. खेळणाऱ्यांनी काठी हुकवून गवताचं ढेकूळ उडवलं की मात्र ते धावत जाऊन ते जागच्या जागी बसवत.

पुढे लेक एका मोठ्या हॉटेलात कामाला लागली आणि घरात दुसरा कोर्स शिरला. एकदा मास्तरांनी तिला फोन केला, तर ती घाईघाईने म्हणाली, "बाबा, नंतर बोलते, आत्ता तिसरा कोर्स चाललाय." मास्तर चाटच पडले. आपल्याला एक सांभाळताना नाकी नऊ येतात आणि ही पोरगी तीन-तीन मैदानांवर काय करतेय? त्या हॉटेलात जेवण एकदम न वाढता टप्प्याटप्प्याने वाढतात आणि त्या टप्प्याला कोर्स म्हणतात, हे मागाहून कळलं तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या.

बाई म्हणजे मास्तरांची बायको. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. सैल झालेलं आवळायचं, आखूड झालेलं लांबवायचं, उसवलेलं शिवायचं. दोन्ही हात कापडात गुंतलेले आणि ओठांत टाचण्यांची रांग, हा त्यांचा कायमचा अवतार. ओठांत टाचण्या असल्या की बाई बोलत नसत, नुसतं "हं" म्हणत. होय, नाही, बघू, आणि पुरे झाला शहाणपणा, हे सगळं त्या एका "हं"मध्ये बसायचं. कुठला "हं" कुठल्या अर्थाचा ते आपल्याला बरोबर कळतं, असा मास्तरांचा समज होता. नवऱ्यांचे असे समज असतात आणि त्यावर संसार चालतात.

तिसरा कोर्स लेकीनेच आणला. एक संस्था मैदानांच्या देखरेखीचा क्लास घेत होती, आणि तो पुरा केला की एका क्रीडासंकुलाच्या कचेरीत जागा मिळण्यासारखी होती. खुर्ची, पंखा, स्वतःचं टेबल. गवत कापायचं ते दुसऱ्यांनी, मास्तरांनी फक्त खिडकीतून बघायचं.

बाईंनी ते उचलूनच धरलं. "अहो, किती वर्षं त्या दवात ओणवं व्हायचं? गुडघे बघा तुमचे. उठलात की कुलूप उघडल्यासारखा आवाज येतो."

"येतो खरा," मास्तर म्हणाले.

"मग घालू ना नाव, बाबा?"

"घाल की."

आता मास्तरांना ते मुळीच नको होतं. पण नाही म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. समोरचं माणूस आपल्या भल्यासाठी बोलतंय, त्याला तोंडावर कसं तोडायचं? आणि का नको म्हणून विचारलं, तर सांगायचं काय? पहाटे त्या एवढ्या मोठ्या हिरव्या पसाऱ्यावर आपण एकटेच असतो आणि आपल्याला ते आवडतं, हे काय कारण झालं? असलं बोलायचं वय होतं तेव्हासुद्धा मास्तर कधी बोलले नव्हते. ते मूग गिळून बसले, आणि क्लास सुरू व्हायचा दिवस जवळ येत चालला. एकदा क्लास धरला की कोर्स सोडायचा, हे घरात ठरूनच गेलं.

त्यातच मास्तरांना खोकला झाला. छाती भरून आली, अंगात कणकण. बाईंनी त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, घसा पाहिला आणि गोळ्या लिहून दिल्या.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले. "लोकांना जरा बरं वाटलं की ते गोळ्या टाकून देतात. कोर्स मध्येच सोडायचा नाही. सोडलात तर दुखणं उलटेल."

बाहेर येऊन मास्तरांनी घरी फोन लावला. तेव्हा बाई एका गिऱ्हाइकाच्या अंगावर बाही मापून घेत होत्या. फोन खांदा आणि कान यांच्या चिमटीत धरलेला, तोंडात टाचण्या.

"झालं दाखवून," मास्तर म्हणाले. "गोळ्या दिल्यात. आणि डॉक्टर म्हणाले, कोर्स मध्येच सोडायचा नाही. सोडला तर दुखणं उलटेल म्हणे."

"हं?"

"हो ना. अगदी बजावून सांगितलं."

"हं," बाई म्हणाल्या. हा दुसरा "हं" जरा लांबला होता. काळजीचा असेल, असं मास्तरांनी धरलं आणि ते गोळ्या घ्यायला गेले.

संध्याकाळी घरी पोचले तर लेक आलेली. मायलेकी गंभीर चेहऱ्याने बसलेल्या.

"बाबा, मी क्लासमधलं तुमचं नाव काढून घेतलंय," लेक म्हणाली.

"का गं?"

"का म्हणजे?" बाई मध्येच म्हणाल्या. "डॉक्टर एवढं स्पष्ट सांगतायत, कोर्स सोडू नका म्हणून, आणि आम्ही तुम्हाला ओढून त्या कचेरीत नेऊन बसवायचं? चुकलंच माझं. जन्मभर मोकळ्या हवेवर पोसलेली छाती, ती बंद खोलीत घुसमटणारच. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये!"

मास्तरांच्या डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला. मग पडला तो लख्ख. त्यांचा हात खिशातल्या गोळ्यांकडे गेला, तोंड उघडलं.

"अगं, तो कोर्स म्हणजे..."

"बोलू नका. खोकला येईल."

मास्तरांनी बायकोची आज्ञा पाळली. संसारात आज्ञा पाळणं त्यांना इतकं गोड कधीच लागलं नव्हतं.

पुढचे दिवस मास्तर मजेत होते. खोकला ओसरला. मैदानावर गवताने नवी लकाकी धरली होती, आणि ती आपल्यासाठीच धरली आहे असं त्यांना वाटत होतं. मैदानाच्या साहेबांनी काही विचारलं की आनंदाने उत्तर देत. वाळूच्या खड्ड्यात अडकून चडफडणाऱ्या खेळाडूंकडेही ते मायेने बघत.

घरी आलं की मात्र जीव थोडा चोरट्यासारखा व्हायचा. बाई बदलल्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या जुन्या जाकिटाला आतून जाड अस्तर लावलं. पाय शेकायला गरम पाणी आणून ठेवायला लागल्या. मास्तर काही मागायच्या आत ते समोर यायचं. आणि एवढं करून त्या त्यांच्याकडे अशा नजरेने बघायच्या, की जणू शिक्षा भोगणाऱ्या माणसाकडेच बघतायत. एकदा आतल्या खोलीतून त्या फोनवर लेकीला म्हणताना मास्तरांनी ऐकलं, "सुटले असते गं बिचारे. पण नाही नशिबात."

आपण इकडे मजेत आणि ही तिकडे आपल्यासाठी झुरतेय, हे काही खरं नव्हे. उद्या सांगू, असं ते रोज ठरवत. पण सांगितलं की क्लास पुन्हा मानगुटीवर बसणार. म्हणून रोज उद्यावर ढकलत.

शेवटी त्यांच्या तोंडानेच दगा दिला. एका रविवारी संध्याकाळी त्यांनी शेवटची गोळी पाण्याबरोबर घेतली, रिकामं पाकीट चुरगळलं आणि सहज म्हणाले, "चला, संपला एकदाचा कोर्स."

मशीनवर बसलेल्या बाईंचा पाय थांबला. टाचण्या ओठांत तशाच ठेवून त्या कशाबशा म्हणाल्या, "हंपला? म्हणजे? काढलं की काय तुम्हाला?"

"छे गं, मला कोण काढतंय? गोळ्यांचा कोर्स."

उसवत जावं तशी एकेक गोष्ट बाईंच्या डोळ्यांपुढून मागे जाताना मास्तरांना स्पष्ट दिसली. त्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढून टाचण्यांच्या गादीत खोचली. ही खूण काही बरी नव्हती.

"डॉक्टर म्हणाले होते, ते गोळ्यांबद्दल?"

"हो."

"आणि हा घोळ तुम्हाला कधी कळला?"

"त्याच संध्याकाळी."

आता आभाळ कोसळणार म्हणून मास्तरांनी खांदे आवळले. पण झालं भलतंच. बाईंचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. "अहो, म्हणजे सोडायला काही हरकत नाही! छाती ठणठणीत आहे! थांबा, लेकीला विचारते. अजून जागा असेल क्लासमध्ये. आत्ता नाही तर पुढच्या खेपेला."

त्यांनी फोन उचलला. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. एवढ्या आनंदापुढे नाही म्हणायचं म्हणजे मास्तरांना बायकोच्या हातातलं उमललेलं फूल हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. तरी या वेळी जीभ सुटली.

"करू नकोस फोन. मला नाही जायचं."

"कुठे?"

"क्लासला. कचेरीत. कुठेच. मला कोर्स सोडायचा नाही."

बाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. "पण का?"

मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं. "उद्या तिथे खेळ बंद असतो," ते शेवटी म्हणाले. "तू येतेस का माझ्याबरोबर? येऊन बघ."

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं आणि बाईंनीही कधी विषय काढला नव्हता. नवऱ्याच्या कामाच्या जागी जाऊन करायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसून बाई कोर्सवर गेल्या. मैदान रिकामं होतं. मास्तरांनी लांब लवचिक काठी घेतली आणि गवतावरून सपसप फिरवून दव झाडलं. काठी फिरेल तिथे गवत गडद होत गेलं. मग त्यांनी बाईंना चेंडू ज्यात घालवायचा त्या भोकाजवळ नेलं, जिथलं गवत सर्वांत बारीक कापलेलं असतं. बाईंनी चपला काढल्या, खाली बसल्या, आणि मखमलीवरून फिरवावा तसा तळवा फिरवला.

"इथे लव उलटी आहे," त्या म्हणाल्या.

"हो! काल मशीन उलट्या बाजूने फिरवलं म्हणून." मास्तर हरखून गेले. "हे बघ, हे भोक रोज नव्या जागी पाडायचं असतं. जागा मी ठरवतो. उद्याची तू सांग."

बाईंनी इकडेतिकडे बघून पायाने जागा दाखवली. "इथे."

"इथे उतार आहे गं. लोक शिव्या देतील मला."

"देऊ देत."

मास्तरांनी तिथे भोक पाडायचं यंत्र रोवून गवताचा मातीसकट गोल गड्डा काढला, तो जुन्या भोकात बसवला, पायाने दाबला, हाताने कडेचं गवत विंचरलं. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. बोट फिरवून पाहिलं.

"जोड दिसत नाही," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठी पावती त्यांच्या धंद्यात नव्हती.

मग त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उभे होते, हात मातीने भरलेले, आणि चेहऱ्यावर असं काही, जे बाईंनी घरात कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला इथे बरं वाटतं?"

"फार."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग घरी आलात की रोज 'दमलो बुवा' म्हणून का बसायचात?"

मास्तर गोंधळले. "कामावरून आल्यावर म्हणतात तसं. माझे वडीलही म्हणायचे."

बाई गवतावर नीट मांडी घालून बसल्या. "रोज पहाटे तुमची सायकल गेली की मला जाग यायची," त्या म्हणाल्या. "वाटायचं, चालले, आमच्यापायी चालले. आपण उबेत पडलोय आणि हा माणूस दवात ओणवा होणार. मग मेली झोप लागायचीच नाही. एक दिवस नाही लागली. म्हणून तर तुम्हाला सोडवायला निघाले होते."

इतकी वर्षं, रोज पहाटे. आणि आपल्याला वाटायचं, घर गाढ झोपलंय.

"मी तर शीळ घालत जायचो गं," मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले आणि त्यांना हसू फुटलं. "मग मला ऐकू येईल अशी घालायची होतीत!"

मास्तरही हसले, आणि हसता हसता त्यांचेही डोळे भरून आले. त्यांनी अस्तराचं जाकीट काढून कडेच्या झाडाखाली, दाट गवतावर पसरलं. बाई त्यावर आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेतला. "तुमचं काम आटपेपर्यंत मला उठवू नका," त्या म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला.

मास्तर गवत कापायच्या मशीनपाशी गेले. दोरी ओढायला हात घातला, आणि तो तसाच थांबला. मशीन जागेवर ठेवून ते कात्री घेऊन आले, आणि त्यांनी कडेचं गवत हाताने कापायला घेतलं.