नाकातली सुपारी

मी एक जुने प्लास्टिकचे डोके आहे. हसू नका मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांकडे तेवढेही नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत मला ओतले, नाकाच्या जागी माणसासारखी पोकळी ठेवली आणि खरवईच्या बाजूला कॅन्सरच्या दवाखान्यात आणून बसवले. तिथे गाठ जाळणारा प्रोटॉनचा झोत रोग्यावर सोडण्याआधी चाचणीसाठी माझ्यावर सोडतात. हा झोत सांगितलेल्या खोलीवर थांबतो, पुढचे काही जाळत नाही. कुठे थांबावे हे कळणारा त्या इमारतीत तो एकटाच.

वर प्रयोगशाळा, खाली उपचार. मधला जिना चढणे-उतरणे दोन्हीकडच्यांना अपमानाचे वाटे.

चामटोलीच्या राजसीच्या डोळ्यामागे गाठ होती. दुसरीतली पोर. उपचार लांबले तर डोळा जाणार होता.

अशातच खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा झाली. प्रयोगशाळेतल्या विनीतने मलाही कुंकू लावले. गणपती म्हणून मांडलेली सुपारी माझ्या टाळूवरून घरंगळू लागली. "इथे मस्त बसते," म्हणत त्याने ती माझ्या नाकात सारली. पीएचडी आहे तो.

दसऱ्यानंतर राजसीसाठी चाचणी घेतली. झोत बरोबर सुपारीएवढा अलीकडे थांबला. उपचार अडले. डॉक्टर श्रद्धाने वर फोन लावला.

"विनीत, तुझं गणित चुकलंय."

"मॅडम, तुमची मशीन गंडलीय. आपला डेटा एकदम परफेक्ट आहे."

"मग खाली येऊन बघ ना."

"तुम्हीच वर या की."

असे दोन दिवस चालले. माझ्या नाकात कोणी बघितले नाही. आलेख मात्र रंगीत काढले. शेवटी राजसीची आई वैष्णवी बाहेरच्या बाकावरून उठली, आत येऊन श्रद्धाच्या फोनवर ओरडली, "अहो साहेब, माझ्या पोरीचा डोळा काय जिन्यात अडकलाय का?"

विनीत खाली आला. श्रद्धाने माझ्या नाकात बोट घातले.

"हे काय आहे?"

"गणपती," विनीत म्हणाला. "थांबा मॅडम, काढू नका. उत्तरपूजा राहिलीय."

"अरे, डोळा जाईल तिचा!"

"अक्षता तरी टाकू द्या."

वैष्णवीने हात जोडले. "बाप्पा, उठा आता," म्हणाली आणि सुपारी उपटून काढली.

पुन्हा झोत सोडला. तो हवा तिथे थांबला. दुसऱ्याच दिवशी माझ्या जागी राजसी झोपली. डोळा वाचला. हल्ली तपासणीला आली की ती मला जीभ दाखवते. मला राग येत नाही. बाकीचे तर नमस्कार करतात.

मित्रांनो, वस्तूंना हार नकोत, फडके मारा. आणि बाहेर बाकावर कोणी वाट बघत बसले असेल, तर कोण चुकले हे नंतर ठरवा. आधी उठा, जवळ जा आणि बोट घालून बघा.