तीन मिनिटं झाली

“अगं, मुलगा कामाला निघालाय, चंद्रावर नाही. किती वेळा डबा उघडून बघशील?” कुसुम म्हणाली.

श्यामलाबाईंनी तरीही डबा उघडला. पोळीची चौकोनी घडी विस्कटली की माधव उपाशी राहायचा. आज त्याच्या कामाचा पहिला दिवस. अडतिसाव्या वर्षी! हडपसरच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरींच्या घड्या घालायच्या. गाडी न्यायला येणार, सोडायला येणार. मालकाची अट एकच होती, आईनं सोबत बसायचं नाही.

“तो राहील ना गं माझ्याशिवाय?”

“तू राहशील का ते बघ आधी.”

गाडी गेली आणि श्यामलाबाईंना घरात बसवेना. कुसुमला तिसऱ्यांदा चहा झाला.

दोघी एकाच वर्षी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागल्या होत्या. कानांवर हेडफोन चढवून बाहेरगावचे फोन जोडायचे आणि वेळ भरली की मध्येच शांतपणे सांगायचं, “तीन मिनिटं झाली.” कुसुम आज पेन्शन घेते. श्यामलाबाईंनी पंच्याऐंशी साली राजीनामा दिला. माधव चार वर्षांचा होता, बोलत नव्हता, आणि कुठलंही पाळणाघर त्याला दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवत नव्हतं. ‘ऑटिझम’ हा शब्द घरात यायला आणखी नऊ वर्षं लागली. तोवर मुंबईचे डॉक्टर झाले, अनुष्ठानं झाली. नवरा, श्रीधर, होते तोवर संध्याकाळी दुकानांच्या हिशेबाच्या वह्या लिहीत. शाळेच्या फीसाठी हडपसरचा प्लॉट विकला.

नोकरीतली एकच गोष्ट घरी आली. माधव नळाखाली हात धरून बसला की तासभर उठत नसे. रागावून उपयोग नाही, ओढलं तर किंचाळे. एकदा थकून श्यामलाबाई एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाल्या, “तीन मिनिटं झाली.” माधव उठला. चौतीस वर्षं तेच वाक्य.

सव्वापाचला फोन वाजला.

“आजी, मी सोजरबाई, लाँड्रीतली. तुमचं लेकरू लई ग्वाड काम करतंय बगा. पन उठंना झालंय! गाडी खोळंबलीया.”

“फोन त्याच्या कानाशी धरा.”

“धरला की. कान झाकून घेतंय.”

कुसुमला घरी थांबवून श्यामलाबाई धावतच खाली उतरल्या. “मुलाला कामावरून आणायचंय, हडपसर!” रिक्षावाल्याला सांगताना त्यांना हसूच फुटलं. हे वाक्य त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलत होत्या. विकलेल्या प्लॉटवरची काचेची इमारत मागे पडली, आज त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

लाँड्रीत वाफेचा, साबणाचा वास. माधव पाठमोरा बसला होता. शेजारी चादरींचा गठ्ठा, सुरीनं कापल्यासारखा सरळ. बायका काम सोडून बघत होत्या.

“आमच्या पोरींना अशी घडी जमंल का?” सोजरबाई म्हणाली. “मालक म्हनत्यात, ठिवा ह्याला. पन रोज उठवाया तुमाला बोलवायचं व्हय?”

श्यामलाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. आणि मिटलं. दाराच्या खांबाआड सरकून त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणा. आवाज चढवू नका, अंगाला हात लावू नका. फक्त म्हणा, ‘तीन मिनिटं झाली.’”

“येवढंच?”

“एवढंच.”

सोजरबाईनं पदर खोचला. “तीन मिन्टं झाली.”

माधव हलला नाही. श्यामलाबाईंनी खांब घट्ट धरला.

“तीन मिन्टं झाली, बाळा.”

हातातली चादर त्यानं पुरी केली, टोकाला टोक जुळवलं, गठ्ठ्यावर ठेवली आणि उठला. डबा घेतला. खांबाजवळून गेला, पण वळून पाहिलं नाही. त्याचा हात धरायला श्यामलाबाईंचा हात सवयीनं पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला.

“आता उद्या सक्काळी धाडा!” सोजरबाई खिदळली. ड्रायव्हरनं हाक मारली, “आजी, बसा की गाडीत.”

“नको. घरी कुसुम आहे, दार उघडेल. मी येईन मागून रिक्षानं,” श्यामलाबाई म्हणाल्या. “ती त्याच्या कामाची गाडी आहे.”